वन्सं आणि अनंत

माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे, की झाड आणि जनावर यांत फारसा फरक नसतो. दोघांनाही खायला-प्यायला लागतं, ऊन-सावली लागते, आणि दोघंही उलट उत्तर देत नाहीत. हे शेवटचं तो माझ्याकडे बघून म्हणतो. माझं मत अगदी उलट. झाड एका जागी उभं असतं, त्याला सांभाळण्यात कसली आलीय मर्दुमकी? जनावर उठतं, बसतं, रुसतं, आणि आजारी पडलं तर शेवटपर्यंत लपवून ठेवतं. त्याच्यापाशी डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. या विषयावर आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर गेली बावीस वर्षं भांडण चालू आहे, आणि अजून कोणी हरलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच आवारात नोकरीला. पुढे मोठी बाग, मागे छोटंसं प्राणिसंग्रहालय. तो बागेचा माळी, मी मागे प्राण्यांची रक्षक. आमच्याकडे प्राणी फार नाहीत. काही हरणं, चार घुबडं, दोन म्हातारी माकडं, आणि एक लाल पांडा. लाल पांडा म्हणजे ते काळंपांढरं, ढेरपोटं अस्वल नव्हे. हा मांजरापेक्षा जरा मोठा, विटेच्या रंगाचा, शेपटीवर वळी असलेला, आणि सगळा जन्म झाडावर काढणारा. जंगलात आता फार थोडे उरलेत. आमच्या पाटीवर त्याच्या नावाखाली लाल अक्षरांत तसं लिहिलेलं आहे, आणि ती पाटी दर सोमवारी मीच पुसते.

आमचा हा लाल पांडा म्हणजे मादी. मी तिला वन्सं म्हणते. नवरा एकुलता एक, त्यामुळे खरी नणंद काही माझ्या वाट्याला आली नाही. ती हौस मी अशी भागवून घेतली. शिवाय स्वभाव तोच. उंचावर बसायचं, खाली चाललेलं सगळं काम बघायचं, चकार शब्द न काढता नापसंती दाखवायची, आणि दिलेल्या सफरचंदातली जरा डागाळलेली फोड अलगद बाजूला सारायची. नवऱ्याला मी अरे-तुरे करते, पण वन्संना अहो-जाहो. त्यांच्यापुढे जीभ वळतच नाही दुसरीकडे.

नवऱ्याचा जीव अनंतावर. अनंत म्हणजे पांढऱ्या, दाट वासाच्या फुलांचं झुडूप, पानं तेल चोपडल्यासारखी चकचकीत. त्याच्या रोपवाटिकेच्या दाराशी अशी दोन झुडपं होती, दोन्ही कमरेएवढी, दोन्ही त्यानेच फांदी लावून वाढवलेली. इतकं मानी झाड दुसरं नाही, असं तो कौतुकाने सांगायचा. पाणी कमी झालं की कळ्या गाळतो, जास्त झालं की कळ्या गाळतो, जागा बदलली की काही विचारूच नका. मी म्हणायचे, तू लाडावून ठेवलंयस. तो म्हणायचा, तुझ्या वन्सं काय कमी आहेत?

मग शेजारचा रस्ता रुंद करायचं ठरलं. आवाराची एक पट्टी त्यात गेली, आणि नेमकी त्या पट्टीतच रोपवाटिका आणि वन्संचं घर. दोन्ही आवाराच्या पलीकडच्या टोकाला हलवायची, तीही एकाच आठवड्यात. त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आता होऊनच जाऊ दे. तुझं जनावर आधी रुळतं की माझं झाड, बघू." मी म्हटलं, बघू. फ्रिजवर एक कागद चिकटवला, मधोमध रेघ मारली. एकीकडे अनंत, दुसरीकडे वन्सं. हरेल त्याने वर्षभर सकाळचा पहिला चहा करायचा.

जिंकायची मला खात्रीच होती, कारण वन्संचं नवं घर माझ्या मनासारखं बांधलं होतं. जुन्या घरात मधोमध एक जुनाट झाड होतं. त्याच्या खालच्या फांद्या मी घासायचे, पण वरती माझा हात पोचायचा नाही, आणि शिडी लावली तर वन्सं नाक फेंदारून फुसकारायच्या. वरच्या बेचक्यात त्या झोपायच्या. ती जागा वर्षानुवर्षं बसून काळी, तुळतुळीत झालेली. ते बघून मला रोज कसंसंच व्हायचं. माझ्या हाताखालचं काही अस्वच्छ राहिलं तर मला घास उतरत नाही. आवारात सगळ्यांना ठाऊक आहे, की माझ्या पिंजऱ्यात ताट मांडून जेवायला बसावं. साफसफाईचा नियम मी माझ्या हाताने लिहून भिंतीवर लावलाय, आणि इतर रक्षकांनी तो पाळला नाही की माझा पारा चढतो.

नव्या घरात भिंतींना गुळगुळीत फरशी, जमिनीला उतार, आणि सुताराने बसवलेले नवेकोरे ओंडके. एकही ओंडका माझ्या हाताबाहेर नाही. झोपायची पेटीसुद्धा नवी. जुनं झाड रस्त्यासाठी पाडलंच, जुनी पेटी मी स्वतः भंगारात दिली. वन्संना सोमवारी आणलं. मंगळवारी सकाळी मी बाह्या सरसावल्या, आणि गरम पाणी, ब्रश, जंतुनाशक घेऊन सगळं घर वरपासून खालपर्यंत घासून काढलं. वन्सं एका कोपऱ्यात शेपटी तोंडावर घेऊन बसून राहिल्या. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

पहिल्या दिवशी त्यांनी बांबूचा पाला नुसता हुंगला. दुसऱ्या दिवशी हुंगलाही नाही. तिसऱ्या दिवशी सफरचंदाच्या दोन फोडी खाल्ल्या, तेव्हा मी फ्रिजवरच्या कागदावर मोठ्या तोऱ्यात लिहिलं, 'वन्संनी फलाहार केला.' अनंताच्या रकान्यात नवऱ्याने लिहिलं होतं, 'सगळ्या कळ्या गळल्या.' पुढच्या दिवशी लिहिलं, 'पानंही पिवळी.' मी खो खो हसले. तो शांतपणे भात कालवत म्हणाला, "रुसलाय. रुसू दे." त्याला घाम फुटत नाही याचाच मला राग आला.

आठव्या दिवसापासून मी माझ्या रकान्यात लिहायचं बंद केलं. वन्संचं वजन पाच किलो दोनशे ग्रॅम होतं, ते साडेचारवर आलं. डॉक्टर दोनदा येऊन गेले. रक्त तपासलं, दात बघितले, पोट दाबून बघितलं. आजार काही नाही. ते म्हणाले, "सगळं ठीक आहे, फक्त खात नाही." हे मला सांगायला डॉक्टर कशाला हवा होता? मी घरातली प्रत्येक गोष्ट दुप्पट जोराने घासायला लागले. रोज सकाळी घासायचे, ते आता संध्याकाळीही. वन्सं दुपारभर ओंडक्यांवरून फेऱ्या मारायच्या, पाय घासत, बूड टेकवत, परत पहिल्यापासून. आणि मी ब्रश घेऊन त्यांच्या मागोमाग.

बाराव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, आमच्या अधिकारी मॅडमनी मला बोलावून घेतलं. बाई समजूतदार आहेत, शब्द चावत नाहीत. "वजन चार किलो दोनशे झालंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारपर्यंत खायला लागली नाही, तर तिला मोठ्या रुग्णालयात हलवायचं. नळीने अन्न देतील."

"किती लांब आहे?" मी विचारलं.

"नऊ तास."

डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते. मी त्यांना विचारलं, एवढ्या अशक्तपणात नऊ तासांचा प्रवास झेपेल का. त्यांनी चष्मा काढून पुसला. "खोटं कशाला सांगू?" ते म्हणाले. "मला नाही वाटत."

कार्यालयातून निघाले ती सरळ रोपवाटिकेकडे. का, ते तेव्हा कळत नव्हतं. कोणाशी तरी भांडायचं होतं, आणि भांडायला हक्काचं माणूस तेवढं एकच.

तो अनंतापाशी उकिडवा बसला होता. दोन्ही अनंत नव्या जागी शेजारी शेजारी लावलेले. एकाला टोकाशी नवी पालवी फुटलेली, नखाएवढी, पोपटी. दुसऱ्याच्या नुसत्या काड्या.

"हे बघ," तो म्हणाला, "एक रुळला."

"माझ्या वन्सं मरतायत, आणि तू मला पालवी दाखवतोयस?"

त्याने वर बघितलं, माझा चेहरा बघितला, आणि बाजूची पालथी बादली माझ्याकडे सरकवली. मी बसले. सगळं सांगितलं. नऊ तास म्हटल्यावर मला रडू आलं, आणि मी काही उठसूट रडणारी बाई नाही. त्याने मला रडू दिलं. मग बोलायचं म्हणून मीच त्या काड्यांकडे बोट दाखवलं. "याचं काय झालं?"

"त्याचं मजुरांनी काम केलं," तो म्हणाला. "मी दुसरा काढत होतो तोवर यांनी हा उपटला. आणि जड होतो म्हणून मुळाची सगळी माती नळाखाली धुऊन टाकली. स्वच्छ मुळं आणून दिली माझ्या हातात. बिचाऱ्यांना वाटलं, चांगलंच केलं."

"मग? नवी माती इथली चांगली आहे म्हणालास."

"उत्तम आहे. पण झाड हलवताना मुळाभोवतीची जुनी माती तशीच ठेवायची असते. बारीक मुळं त्या मातीला धरून असतात. तेवढी जुनी माती असली, की झाड हळूहळू बाहेरच्या नव्या मातीत पाय टाकतं. धुतलंस की संपलं. त्याला कळतच नाही आपण कुठे आहोत."

"झाडाला काही कळत नसतं," मी सवयीने म्हटलं.

"बरं, नसेल कळत. तुझ्या वन्संबरोबर जुन्या घरातलं काय काय आणलंस?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "सगळं नवीन. एकदम स्वच्छ..."

मला वन्संच्या त्या दुपारच्या फेऱ्या दिसायला लागल्या. लाल पांड्याच्या तळपायांतून वास पाझरतो. आपल्या वाटेवर तो पाय घासतो, बूड टेकवतो, आणि त्या वासाने ओळखतो की ही फांदी माझी, ही जागा माझी. हे मी बावीस वर्षं शाळेतल्या मुलांना पिंजऱ्यासमोर उभी राहून सांगत आलेय. पाठ आहे मला. बारा दिवस ती बिचारी उपाशीपोटी रोज स्वतःचं घर मांडत होती, आणि रोज सकाळ-संध्याकाळ मी ते गरम पाण्याने पुसून टाकत होते. जुन्या झाडावर माझा हात पोचत नव्हता, म्हणून तिथे ती जगली.

"मीच केलं रे हे," मी म्हटलं.

नवरा उठला, हात झटकले, आणि मागच्या छपरात गेला. येताना त्याच्या खांद्यावर एक जाड फांदी होती, बेचक्याची, काळी, तुळतुळीत. जुनं झाड पाडलं तेव्हा ती त्याने उचलून आणली होती. "म्हटलं वेल चढवायला होईल," तो म्हणाला. मी नाक जवळ नेलं. इतका उग्र वास, की एरवी मी त्याला घरात पाऊल टाकू दिलं नसतं. त्या दिवशी मला त्या फांदीला मिठी मारावीशी वाटली, आणि मारलीही.

खरी परीक्षा पुढेच होती. मॅडमसमोर, डॉक्टरसमोर उभं राहून सांगायचं, की माझ्याच नियमाने हे झालंय. आदल्या महिन्यात याच खोलीत मी एका रक्षकाची, फांद्या नीट घासत नाही म्हणून, बिनपाण्याने केली होती. मी नजर न चुकवता बोलले. चूक माझी आहे, फांद्या धुवायच्या बंद करू द्या, जुनी फांदी आत ठेवू द्या. डॉक्टरांना घाणीची भीती. एवढ्या अशक्त जनावराला काही झालं तर? शेवटी ठरलं, की जमीन रोज धुवायची, भांडी रोज धुवायची, पण ओंडक्यांना आणि पेटीला शुक्रवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मॅडम म्हणाल्या, "गाडी मात्र मी सांगून ठेवते. शुक्रवारी सकाळी दहा."

फांदी आत बांधली. त्या दिवशी वन्सं जागच्या हलल्या नाहीत. रविवारीही नाही. मी पिंजऱ्याबाहेर स्टुलावर बसून होते. आत ओंडक्यांवर डाग दिसत होते, आणि माझे हात नुसते शिवशिवत होते. नवरा डबा घेऊन आला, तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. त्याने काही चेष्टा केली नाही, म्हणजे माझी अवस्था वाईटच दिसत असणार.

त्या स्टुलावर बसल्या बसल्या मला दुसरंच आठवत राहिलं. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे उडत्या खारींची एक जोडी आली होती. पिंजरा छोटा, सगळं हाताशी. वीस दिवसांत दोन्ही गेल्या. वहीत आम्ही लिहिलं, 'जागा मानवली नाही.' मी पुढे कित्येकदा सांगायचे, की फार नाजूक जात, आपण किती केलं त्यांच्यासाठी. किती केलं ते आता कळत होतं. मी ते नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला तेव्हा माहीत नव्हतं." मी म्हटलं, "माहीत होतं रे. पाठ होतं." तो डबा उघडून माझ्या शेजारी जमिनीवर बसला, आणि आम्ही दोघांनी त्यातलंच जेवून घेतलं.

सोमवारी दुपारी वन्सं खाली उतरल्या. फांदीपाशी आल्या, थांबल्या. बराच वेळ हुंगत राहिल्या, वरून खाली, खालून वर. मग त्या बेचक्यात चढल्या, गोल फिरल्या, शेपटी तोंडावर घेतली आणि झोपल्या. मी जागची उठले नाही. खोकलासुद्धा गिळला.

मंगळवारी त्या फांदीवरून शेजारच्या ओंडक्यावर गेल्या, पाय घासले, परत बेचक्यात. बुधवारी दोन ओंडके. कालचा वास आजही तिथेच आहे, हे त्या प्रत्येक वेळी थांबून तपासत होत्या. खाणं अजून नाहीच. वजन चार किलो शंभर. गुरुवारी संध्याकाळी मी पाला ठेवून घरी निघाले, तेव्हा माझा पाय निघत नव्हता.

शुक्रवारी नऊ वाजताच गाडी येऊन फाटकाशी उभी राहिली. चालकाने लाकडी खोका उतरवला. मॅडम आल्या, डॉक्टर आले, नवरा हातातलं खुरपं तसंच घेऊन आला. वन्सं बेचक्यात बसून सगळ्यांकडे बघत होत्या, नेहमीची नापसंती तोंडावर. मी बांबूची एक डहाळी जाळीतून आत सरकवली. त्यांनी ती पुढच्या पंजात धरली. टोकाचं एक पान तोडलं. चावलं. मग दुसरं. पाचव्या पानाला थांबून त्यांनी एक डागाळलेलं पान अलगद बाजूला सारलं, आणि माझ्या जिवात जीव आला.

पूर्ण डहाळी संपायला वीस मिनिटं लागली, आणि आम्ही चौघं ती वीस मिनिटं भक्तासारखे उभे होतो. मॅडम चालकाकडे वळून म्हणाल्या, "खोका परत घेऊन जा. तुम्हाला उगाच फेरी पडली."

दुसरा अनंत नंतर गेलाच. नवऱ्याने पुष्कळ केलं, पण काड्या काड्याच राहिल्या. पहिल्याला मात्र दीड महिन्यात फूल आलं. ते त्याने तोडून आणलं, टेबलावर पेल्यात ठेवलं, आणि फ्रिजवरचा कागद गंभीरपणे वाचून दाखवला. चहा मी करतेय. वर त्याला बोलायला तोंड मिळालंय, की बघ, झाड आणि जनावर सारखंच. मी म्हणते, सारखं कसं असेल? तुझ्या अनंताने माती धरून ठेवली, माझ्या वन्संना ती रोज नव्याने करावी लागत होती. यावर तो दोन दिवस विचार करत होता, म्हणजे यावेळी एक गुण माझा.

भिंतीवरचा नियम मी फाडला, नवा लिहिला. उडत्या खारींच्या वहीत 'जागा मानवली नाही' हे खोडून खाली खरं कारण लिहिलं आणि सही केली. मॅडमनी ते वाचलं, वही मिटली, आणि त्याच महिन्यात मला पुन्हा बोलावलं. वन्सं पाच किलोंच्या वर गेल्या होत्या. दूरच्या एका प्राणिसंग्रहालयात एक नर होता, तिथले लोक तो आमच्याकडे पाठवायला तयार होते. सगळं जमलं तर पिल्लंही होतील. जगात या जातीचं एक पिल्लू वाढणं म्हणजे काय, ते मॅडमनी मला समजावून सांगायची गरज नव्हती. "तिकडच्या रक्षकाशी तूच बोल," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे एक वयस्कर आवाज होता, कामात मुरलेला. त्याने खाण्याच्या वेळा सांगितल्या, सवयी सांगितल्या. शेवटी म्हणाला, "काळजी करू नका बाई. खोका, अंथरूण, सगळं आरशासारखं लख्ख करून पाठवतो. आमच्याकडे स्वच्छतेला नाव ठेवायला जागा नाही."

"माझ्याकडेही नव्हती," मी म्हटलं. "म्हणूनच विनंती करते. तो ज्या फांदीवर झोपतो ना, ती कापून त्याच्यासोबत पाठवा. आणि कृपा करून धुऊ नका."

"धुऊ नको?" त्याच्या आवाजात माझ्याविषयीचं मत स्पष्ट ऐकू येत होतं. "अहो, घाण झालीय ती. वास मारते."

मग मी त्याला सगळं सांगितलं. वन्संच्या फेऱ्या, माझा ब्रश, बारा दिवस, आणि उडत्या खारींची जोडीसुद्धा. काही राखून ठेवलं नाही.

"केवढी कापू?" त्याने विचारलं.

"गाडीत मावेल तेवढी," मी म्हटलं.